पालीची झालर आधी लपायला, मग तरंगायला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उडणाऱ्या पालीबद्दल मराठीत जे काही छापून येतं ते मी आवडीने वाचते, आणि दरवेळी फोटो तोच असतो, हवेत चारही पाय फाकलेली पाल, दोन्ही बाजूंनी कातडी पसरलेली, खाली दोन ओळी की बघा निसर्गाची करामत, आणि विषय संपला. फोटो सुंदर असतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या प्राण्याच्या आयुष्यातले जे थोडे क्षण हवेत जातात तेवढेच आपण बघतो आणि उरलेला सगळा वेळ ती जे करत असते, म्हणजे खोडाला चिकटून दिसेनासं होणं, त्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी पूर्ण छापावं ही विनंती. मला एकच गोष्ट सांगायचीय, की ती कातडीची झालर रोजच्या रोज कामाला येते ती लपायला, उडी ही अडीअडचणीची गोष्ट आहे, आणि हे लक्षात घेतलं की त्या पालीकडे आणि ती जिथे राहते त्या जंगलाकडे बघायची नजरच बदलते.

आधी थोडी ओळख करून देते. ह्या पाली आग्नेय आशियातल्या वर्षावनांच्या. इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, म्यानमार, फिलिपिन्स, वर चीनच्या युन्नानपर्यंत, आणि भारतात मिझोराम आणि निकोबार बेटं. लोक त्यांना फ्लाइंग गेको म्हणतात, पॅराशूट गेको म्हणतात, शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं त्यांना टायकोझून ह्या वेगळ्या गटात ठेवलं होतं, मग २०२० मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून ठरलं की ह्या गेको ह्याच गटातल्या आहेत, म्हणजे ती मोठी, ठिपक्याठिपक्यांची, जोरात ओरडणारी टोके पाल असते ना तिच्याच जवळच्या नात्यातल्या. सगळ्या मिळून जाती डझनभराहून थोड्या जास्त. त्यातली सगळ्यात माहितीची म्हणजे कुहलची पाल, गेको कुहली. हाइनरिक कुहल नावाचा जर्मन निसर्गअभ्यासक होता, जावा बेटावर काम करायला गेला आणि १८२१ मध्ये तिथेच वारला, वय फक्त २३, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. त्या वयात गेलेल्या माणसाचं नाव आजही ह्या पालीबरोबर जगभर घेतलं जातं ह्याचं मला फार वाटतं.

आकार म्हणाल तर शेपटीसकट साधारण २० सेंटीमीटर. आता अंगावरची कातडी कुठे कुठे आहे ते बघा, कारण बातम्यांत फक्त बगलेतल्या मोठ्या पडद्याचा उल्लेख असतो. गालाच्या आणि मानेच्या बाजूला छोटी घडी आहे, पुढच्या आणि मागच्या पायाच्या मध्ये मोठा पडदा आहे, पायांच्या मागच्या कडेला पट्टी आहे, बोटांच्या मध्ये बदकासारखं पूर्ण कातडं आहे, आणि शेपटीला दोन्ही बाजूंनी कातरल्यासारख्या छोट्या छोट्या पाकळ्या आहेत, टोकाला त्या मिळून एक चपटं पान होतं. म्हणजे डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत ह्या प्राण्याला कुठेही सरळ, स्वच्छ कड अशी नाहीच. फक्त तरंगायचं असतं तर एवढ्या सगळ्या फाटक्या किनारीची काय गरज, हा प्रश्न मला पहिल्यांदा फोटो झूम करून बघताना पडला आणि तिथून पुढे मी ह्या विषयाच्या मागेच लागले.

ही पाल रात्रीची. रात्री बाहेर पडते, किडे खाते, आणि दिवसभर खोडावर बसून असते, बऱ्याचदा डोकं खाली करून. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर साधारण १२ तासांचा असतो. तेवढे तास एका जागी, उघड्यावर, कुठल्याही बिळात किंवा ढोलीत न शिरता काढायचे म्हणजे काय जोखीम आहे विचार करा. पक्षी दिवसा शिकार करतात, डोळ्यांनी शिकार करतात, आणि बऱ्याच पक्ष्यांना आपल्याला दिसत नाही तो अतिनील रंगही दिसतो. वर झाडावर चढणारे साप आहेतच. अशा वेळी पळणं हा पहिला उपाय नसतोच, कारण हललं की दिसलं. पहिला उपाय म्हणजे सापडायचंच नाही.

आणि इथे सगळा खेळ सावलीचा आहे. रंग जुळवला की झालं असं आपल्याला वाटतं, पण नुसता रंग जुळवून भागत नाही, कारण पालीचं अंग गोलसर आहे आणि खोडावर ते उंचवटा करून बसतं. उंचवट्याला दोन सावल्या असतात. एक अंगावरचीच, म्हणजे उजेडाकडची बाजू उजळ आणि दुसरी काळसर, आणि दुसरी म्हणजे अंगाची खोडावर पडणारी, कडेने काळी रेघ ओढल्यासारखी. ह्यातली पहिली सावली प्राणी कशी लपवतात हे अ‍ॅबट थेअर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये मांडलं, वरची बाजू गडद आणि खालची फिकट असली की छायेचा परिणाम खोडला जातो आणि अंग सपाट दिसतं. चित्रकाराला हे आधी दिसावं ह्यात नवल नाही, आयुष्यभर तो गोल गोष्टी सपाट कागदावर गोल दिसाव्यात म्हणून छाया रंगवत होता, त्यालाच कळणार की छाया काढून घेतली तर काय होईल. पण खोडावर पडणारी जी दुसरी सावली आहे ती रंगाने जात नाही. ती घालवायला अंगाची कड खोडाला टेकावी लागते.

झालर नेमकं तेच करते. पाल चालत असते तेव्हा बगलेचा पडदा पोटाकडे वळवून घेतलेला असतो, पायात येऊ नये म्हणून. निवांत बसली, अंग खोडावर दाबलं, की कडेची कातडी सालीवर टेकते, गालाची घडी टेकते, पायाची पट्टी टेकते, शेपटीच्या पाकळ्या टेकतात. अंगाचा उतार एकदम न तुटता हळूहळू सालीत मिसळतो आणि जिथे काळी रेघ पडायची तिथे काही पडतच नाही. एखादा चांगला फोटो मोठा करून बघा, पालीची बाजू शोधायचा प्रयत्न करा, बोट ठेवून सांगा की इथे पाल संपली आणि इथे झाड सुरू झालं. मला तरी सांगता येत नाही. मधल्या भागात पाठ थोडीफार ओळखू येते, कडेला गेलं की नजर घसरते.

त्यावर परत पाठीवरचे पट्टे. करडा, तपकिरी, कधी हिरवट छटेचा रंग, त्यावर आडव्या, नागमोडी गडद रेघा मानेपासून शेपटीपर्यंत. हे पट्टे अंगाच्या लांबीला आडवे कापतात. शिकारी जेव्हा शोधतो तेव्हा तो डोकं, धड, शेपूट असा ओळखीचा लांबट आकार शोधतो, आणि हे पट्टे त्या आकाराचे तुकडे करून टाकतात, एक तुकडा सालीच्या भेगेसारखा, एक दगडफुलाच्या डागासारखा. वर्षावनातल्या जुन्या खोडांवर तसंही दगडफूल, शेवाळ, ओलीचे डाग, भेगा असं सगळं इतकं दाटलेलं असतं की त्यात हे तुकडे सहज खपतात. डोळाही त्यातून सुटलेला नाही. पालीला पापणी नसते, त्यामुळे डोळा मिटून लपवायची सोय नाही, सतत उघडा, आणि प्राण्याचा डोळा ही तर शिकाऱ्याला सगळ्यात आधी दिसणारी गोष्ट. पण बुबुळ सालीच्याच रंगाचं, त्यावर बारीक जाळी, आणि दिवसाच्या उजेडात बाहुली आकसून उभी बारीक चीर होते. मला विचाराल तर हा डोळा त्या हवेतल्या उडीपेक्षा कितीतरी जास्त बघण्यासारखा आहे.

रंग बदलतो का, हा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर हो असं आहे पण सरड्याच्या गोष्टींमध्ये असतं तसं लाल हिरवं निळं नाही. फिकट होणं आणि गडद होणं, एवढंच. कातडीतल्या काही पेशींमध्ये काळा रंगकण पसरतो किंवा गोळा होतो त्यावर ते अवलंबून. ह्या संदर्भात एक प्रयोग सांगायलाच हवा, तो ह्या पालींवर नाही, भूमध्य समुद्राच्या काठच्या मूरिश गेको नावाच्या पालीवर झालेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे डोळे झाकले तरी ती खालच्या पृष्ठभागाप्रमाणे फिकट किंवा गडद होत होती, आणि धड झाकलं तेव्हा ते जमेना. तिच्या बाजूच्या कातडीत डोळ्यात असतात तशी प्रकाश ओळखणारी प्रथिनं सापडली. म्हणजे कातडीच बघत होती असं म्हणायला हरकत नाही. पालीसारख्या प्राण्याकडे लोक किळस करून बघतात आणि तिच्या कातडीत हे चालू असतं.

आता मुख्य मुद्दा, आधी काय. झालर उडण्यासाठी आली आणि मग लपायला कामी आली, की उलट? अँथनी रसेल ह्या संशोधकाने १९७९ मध्ये उलट बाजू मांडली, की बाजूच्या ह्या घड्या मुळात सावली मोडण्यासाठी, लपण्यासाठी आल्या असाव्यात आणि मग झाडावरून पडताना त्याच घड्यांना हवा अडते, वेग कमी होतो, असा फायदा मिळत गेला आणि पुढच्या पिढ्यांमध्ये त्या मोठ्या होत गेल्या. मला हे पटतं आणि पटण्याचं कारण मादागास्करमध्ये आहे. तिथे युरोप्लेटस नावाच्या पाली आहेत, पानासारखी चपटी शेपूट असलेल्या. त्यातल्या खोडावर राहणाऱ्या काही जातींना जबड्याखालून, धडाच्या बाजूने, पायांच्या कडेने अगदी अशीच फाटकी झालर आहे, दिवसा त्याही डोकं खाली करून खोडावर चिकटतात, आणि त्या ह्या झालरीने तरंगत नाहीत. झालर आहे, उडणं नाही. दोन वेगळ्या भूभागांवर, एकमेकींपासून दूरच्या शाखांतल्या पालींमध्ये तीच किनार आली आणि दोन्हीकडे जे काम समान आहे ते लपायचं. अजून काय पुरावा पाहिजे असं मी म्हणणार नाही, उत्क्रांतीच्या गोष्टीत वाद राहतातच, पण पारडं कुठे झुकतं ते दिसतंय.

उडीबद्दल मला प्रेम नाही असं समजू नका. उलट ती नीट सांगितली तर लपण्याचीच गोष्ट पुढे जाते. ड्रॅको नावाचा उडता सरडा ह्याच जंगलांत असतो, त्याचे पंख बरगड्यांवर ताणलेले असतात आणि स्नायूंनी तो ते उघडतो मिटतो. पालीच्या झालरीत तसं उघडायला काही यंत्र नाही. पाल उडी मारते, पाय पसरते, खालून हवा येते आणि पोटाखाली वळलेली कातडी हवेच्या दाबाने आपोआप उघडते. म्हणजे बसलेली असताना सावली मोडणारी जी सैल कातडी तीच. बोटांमधलं कातडं आणि चपटी शेपूट हवा अडवायला मदत करतात. झाडाजवळ आली की अंग वर उचलते आणि खोडावर उतरते. पंख फडफडवणं वगैरे जे कधीकधी छापून येतं ते कृपया छापू नका, फडफडवायला तिथे काही नाहीच.

उतरण्याबद्दल २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आर्डियन जुसुफी, रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, सिंगापूरच्या वर्षावनात हायस्पीड कॅमेरे लावून केलेला. पाल होती चपट्या शेपटीची घरपाल, हेमिडॅक्टिलस प्लॅटियुरस, जिच्या बाजूला अगदी बारीकशी झालर आहे, ह्या पॅराशूटवाल्यांच्या मानाने काहीच नाही. तीसुद्धा तरंगते. सेकंदाला साधारण ६ मीटर वेगाने ती खोडावर येते आणि थांबायचा विचारही नसल्यासारखी डोक्यानेच आपटते. पुढचे पाय सुटतात, अख्खं धड मागे कलंडतं, इतकं की ९० अंशाच्याही पुढे, फक्त मागचे पाय सालीत रुतलेले, आणि त्या क्षणाला शेपूट खोडावर दाबली जाते आणि तिच्या टेकूवर पाल स्वतःला सावरते. शेपूट तुटलेल्या पाली बहुतेक वेळा खोडावरून खाली पडल्या. त्याच जातीवर २००८ मध्ये आधीचं काम झालं होतं, उलटी पडणारी पाल शेपूट फिरवून सेकंदाच्या दहाव्या भागात सरळ होते असं त्यात दिसलं. पायाच्या पकडीचं गणित वेगळं, बोटांखालच्या लाखो बारीक केसांचं आणि रेणूंमधल्या ओढीचं, त्यावर २००० नंतर भरपूर काम झालंय आणि लिहिलंही भरपूर गेलंय म्हणून इथे थांबते.

आता बघा, बारीक झालरीची पाल तरंगते, मोठ्या झालरीची जास्त चांगली तरंगते, आणि मादागास्करची झालरवाली अजिबात तरंगत नाही पण लपते. हे तिन्ही प्राणी शेजारी ठेवले की मला तरी वाटतं गोष्ट आपोआप उलगडते. पाल उडते कधी? शिकारी अगदी जवळ आला, लपणं फसलं, तेव्हा. किंवा दुसऱ्या झाडावर जायचंय आणि जमिनीवर उतरण्यापेक्षा हे सोपं, तेव्हा. आणि खोडावर पोचल्यावर पहिली गोष्ट काय करते तर अंग दाबून परत सालीत मिसळते.

ह्या लपण्याने शास्त्रज्ञांनाही कसं फसवलं ते सांगते, फक्त इथे झाडाची साल कारण नाही, पाली एकमेकींसारख्या इतक्या दिसतात हे कारण. नेल्सन अ‍ॅनंडेल, जे पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक झाले, त्यांनी १९०५ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूहून आलेल्या पालीवरून लायोनोटम ही गुळगुळीत पाठीची जात नोंदवली. पुढे शंभर वर्षं इंडोचायनापासून मलेशियापर्यंत जिथे अशी पाल दिसेल तिला तेच नाव लागत गेलं. २०१९ मध्ये जनुकं आणि खवले बारकाईने तपासले तेव्हा त्या एका नावातून तीन नव्या जाती निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी म्यानमारच्या माउंट पोपा डोंगरावरची एक वेगळी निघाली होती. निकोबारची पालही अशीच कुहलच्या नावाखाली होती, २००९ मध्ये तिला स्वतःचं नाव मिळालं, निकोबारेन्सिस. आणि मिझोरामची पाल, जिला लायोनोटमच समजत होते, ती २०२३ मध्ये गेको मिझोरामेन्सिस म्हणून जाहीर झाली, तिचे नमुने गोळा होऊन वीसेक वर्षं झाली होती. मिझोराम विद्यापीठातले आपले संशोधक त्या कामात होते. त्या वेळी बातम्या आल्या, मी वाचल्या, सगळ्यांत हवेतल्या उडीचं वर्णन होतं आणि ती ज्या जंगलात सापडली त्या जंगलाबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं.

जंगलाबद्दल का लिहायला हवं ते सांगते. आग्नेय आशियाच्या ह्या वर्षावनांत तरंगणारे प्राणी इतके आहेत की जगात दुसरीकडे कुठे नाहीत, ड्रॅको सरडे, उडत्या खारी, कोलुगो, तरंगणारे बेडूक, उडते सोनसर्प आणि ह्या पाली. का, ह्यावर १९८३ मध्ये एमन्स आणि जेन्ट्री ह्या दोघांनी असं सुचवलं की आफ्रिका आणि अमेरिकेच्या जंगलांत झाडांना जोडणाऱ्या वेली भरपूर, इथे त्या मानाने कमी, म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जायला तरंगणं फायद्याचं. दुसरे म्हणतात झाडांची उंची हे कारण. इथली डिप्टेरोकार्प घराण्यातली झाडं खरोखर अफाट उंच आहेत, बोर्निओत डॅनम व्हॅलीमध्ये २०१९ मध्ये मोजलेलं एक पिवळं मेरांती १०० मीटरच्या वर भरलं, चढून टेप सोडून मोजलं. कारण कुठलंही खरं ठरो, तरंगायला उंच खोडं लागतात हे तर उघड आहे. पण ह्या पालीला नुसती उंची पुरत नाही, तिला जुनी, डागाळलेली, दगडफुलांनी भरलेली साल लागते, कारण तिच्या पाठीवर जे नक्षीकाम आहे ते त्या सालीचं आहे. दुसऱ्या सालीवर ती तशी लपणार नाही. चित्त्याचं अंगण बदललं तर तो धावून दुसरीकडे जाईल, हिचं घर म्हणजेच हिचा वेश आहे.

आणि ती साल भराभर जातेय. जगात जेवढं पाम तेल बनतं त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त इंडोनेशिया आणि मलेशिया ह्या दोन देशांतून येतं, आणि त्यासाठी सुमात्रा आणि बोर्निओत किती जंगल तुटलं हे आता सगळ्यांना माहिती आहे. तेलमाडाच्या बागेत सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, ओळीत लावलेली, खोडावर जुन्या झावळ्यांचे खुंट. तिथे पाली अजिबात नसतात असा माझा दावा नाही, पण शेकडो वर्षांच्या डिप्टेरोकार्पच्या सालीवर घडलेल्या नक्षीला ती जागा पर्याय आहे असं मला वाटत नाही. आपल्या देशाचंच बघायचं तर निकोबार द्वीपसमूहातल्या ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर ह्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगलाची जमीन वळती करायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्या प्रकल्पाच्या बातम्यांत कासवांचा उल्लेख येतो, यायलाच हवा, मेगापोड पक्ष्याचा येतो, तोही हवा. निकोबारच्या नावाची जी पाल ह्या द्वीपसमूहाबाहेर कुठेच नाही तिचा उल्लेख मला आजवर एकाही बातमीत दिसला नाही. न दिसण्यात इतकी पटाईत की बातमीतही दिसेना. मला हे खरंच लागतं.

अजून एक, हौशी पाळीव प्राण्यांचा बाजार. उडणारी पाल असं म्हटलं की विकत घेणारे तयार होतात, आणि कुहलची पाल परदेशातल्या त्या बाजारात बऱ्याच वर्षांपासून विकली जाते. काचेच्या पेटीत ती काय करते? तरंगायला जागा नाही आणि लपायला साल नाही. तिची चुलत बहीण टोके, तिला तर औषधी गुण असल्याच्या खोट्या अफवांनी इतकी पकडली की २०१९ मध्ये सायटीस ह्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात तिचा व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. मादागास्करच्या त्या युरोप्लेटस पालींवर हे नियंत्रण २००४ मध्येच ठरलं होतं. म्हणून माझी विनंती, की ह्या पालींवर लिहिताना पाळायला कशी, किंमत किती, असलं काही कुठल्याही चौकटीत येऊ देऊ नका, आल्यास वाचकांच्या मनात नको ती हौस जागी होते.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सरळ सांगते. पुढच्या वेळी ह्या पालीवर काही छापाल तेव्हा खोडावर बसलेल्या पालीचा फोटो छापा, तोही मोठा, निदान तीन कॉलम, कारण छोट्या फोटोत साल दिसत नाही आणि साल दिसली नाही तर काहीच दिसत नाही. त्यावर लाल गोल किंवा बाण काढू नका, वाचकाला शोधू द्या, मुलांना तर द्याच, आणि उत्तराचा फोटो आतल्या पानावर द्या. जातीचं नाव आणि ठिकाण लिहा, बोर्निओची पाल आणि मिझोरामची पाल एकच असल्यासारखं सरसकट उडणारी पाल लिहू नका, नाहीतर शास्त्रज्ञांनी वीस वर्षं घालून जे वेगळं केलं ते आपण एका मथळ्यात परत एक करून टाकतो. ग्रेट निकोबारवर पुढचा लेख येईल तेव्हा प्राण्यांच्या यादीत गेको निकोबारेन्सिसचं नाव घाला, एक ओळ पुरेल. आणि हवेतला फोटो छापायचाच असेल तर तो कसा काढला हे फोटोग्राफरला विचारून घ्या, जंगलात आपोआप मिळालेला आहे की पकडलेल्या पालीला वरून टाकून काढलेला, आणि जे उत्तर मिळेल ते फोटोच्या खाली नावासोबत छापा.

आपली,
एक नियमित वाचक